दुसऱ्या फेरीचे उंदीर

गुळाच्या वासावर आमच्याकडं लोकांनी किती लिहून ठेवलंय! हंगाम सुरू झाला, गुऱ्हाळं पेटली, की कोल्हापूरच्या माणसाला म्हणे भरून येतं. मला येत नाही. मला मळमळतं. गेल्या आठवड्यात बिद्रीच्या रस्त्याला आमची एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडली होती, खिडकीतून तो वास आत आला, आणि शेजारची बाई डोळे मिटून म्हणाली, "काय वास सुटलाय न्हवं?" मी खिडकी ओढून लावली. देवळाचं दार तोंडावर लावल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. पुढं कॉलेज येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या रस्त्यावरच्याच एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. नावामागं डॉक्टर लागतं. ते डॉक्टर कसं लागलं हे सांगायला बसले आहे, आणि मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकते, उगाच शेवटापर्यंत कुणाला ताटकळत ठेवायला नको. पाच ओळींच्या एका पत्रानं मी एका माणसाची नोकरी घालवली आणि त्याला खोटं पाडलं. आनंदामामा त्यांचं नाव. उचगावचे. ज्या संस्थेच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी.चं काम करत होते, तिथल्या उंदरांच्या खोलीची सगळी कामं ते बघत. पंधरा वर्षं झाली त्याला. गुऱ्हाळाची चिमणी धूर ओकायला लागली की मला ती खोली आठवते, आणि मग दोन-तीन महिने माझं डोकं ठिकाणावर नसतं.

काय वास होता त्या खोलीला! लाकडाचा भुसा, मूत, फिनेल, आणि त्या सगळ्यावर मामांच्या बंडीचा तंबाखूचा वास. भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर पिंजरे, पिंजऱ्यात पांढरे उंदीर. लालबुंद डोळ्यांचे. त्यांच्या अंगावर पिवळ्या रंगाची खूण करायचे मी, कुठला कुठल्या गटातला ते कळावं म्हणून. पिवळी खूण म्हणजे औषध टोचलेला. बिनखुणेचा म्हणजे नुसतं मिठाचं पाणी टोचलेला. संध्याकाळी टोचायचे, रात्रभर उपाशी ठेवायचे आणि सकाळी दोन्ही गट कापायचे. स्वादुपिंड चटकन काढून बर्फात टाकावं लागतं, नाहीतर ते स्वतःलाच पचवायला लागतं. तो बर्फ मी शाहूपुरीतून घरून निघतानाच घ्यायची, पोत्यात गुंडाळून, स्कूटीच्या पायांमधल्या जागेत. हिवाळ्यातल्या सकाळी, पायाला बर्फ आणि तोंडाला वारं. घरी वडील म्हणायचे, "होऊ दे गं त्रास, दारावर पाटी लागेल तेव्हा विसरशील." ते शाळामास्तर. पाटीचं त्यांना फार.

विषय सांगते, सोपा आहे. आपण भाकरीचा घास घेतला की तो पचवायला स्वादुपिंडातून रस येतो. त्या रसात एन्झाइमं असतात, शाळेच्या पुस्तकात विकरं म्हणतात ती. पिष्ट फोडणारं अमायलेज हे त्यातलंच एक. ते कसं बनवायचं हे पेशीच्या आत डीएनएवर लिहिलेलं असतं. पण मूळ कागद कधी कचेरीबाहेर जात नाही. त्याची नक्कल उतरवून बाहेर धाडतात आणि ती नक्कल बघून माल तयार होतो. ॲक्टिनोमायसिन म्हणून एक औषध आहे, कॅन्सरवर देतात, केशरी रंगाचं. ते थेट मूळ कागदावर जाऊन बसतं. झालं, नक्कल उतरवायचं काम बंद. मग प्रश्न असा, की नवीन नक्कल मिळेनाशी झाली तर स्वादुपिंडातलं अमायलेज किती लवकर घटतं? माझ्या सरांचं उत्तर प्रयोगाच्या आधीच ठरलेलं होतं. एका रात्रीत घटतं, म्हणायचे. दुसरं एक उत्तर असू शकत होतं, की आधी बाहेर पडलेल्या जुन्या नकलांवर कारखाना बराच वेळ चालू राहील आणि एका रात्रीत काही घट दिसणार नाही. ते सरांना नको होतं. त्यांनी पुढच्या तीन वर्षांचं काम पहिल्या उत्तरावर मांडून ठेवलं होतं.

आणि घटलं की हो! पहिल्या फेरीत झकास घटलं. पिठाच्या पाण्यात स्वादुपिंडाचा अर्क घालायचा, वेळ लावायची, मग आयोडीनचा थेंब सोडायचा. अमायलेज भरपूर असेल तर पीठ फुटून गेलेलं असतं, निळा रंग येत नाही. कमी असेल तर नळी निळी होते. पिवळ्या खुणेच्या उंदरांच्या नळ्या अशा निळ्या झाल्या म्हणून सांगू, गडद, शाईसारख्या. बिनखुणेच्यांच्या जवळपास पांढऱ्या. एका बाजूला निळी रांग, एका बाजूला पांढरी. मी त्या रांगेसमोर उभी राहून एकटीच हसले. सरांनी पाठीवर थाप मारली आणि तो निकाल घेऊन ते परदेशातल्या परिषदेला गेले. मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं, "पाटी करायला टाका."

सर तिकडं असताना पहिल्या फेरीचे शेवटचे सहा उंदीर उरले होते. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा तासभर आधी पोचले. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत मामा स्टुलावर बसलेले, मांडीवर फडकं, फडक्यावर पिवळ्या खुणेचा एक उंदीर, आणि मामा त्याला बोटानं काहीतरी भरवत होते. लहान मुलाला भरवतात तसं, मध्येच थांबून, तोंड पुसून.

"मामा! काय करताय?"

मामा दचकले नाहीत. "कच्च्या शेंगा कुटल्या, गूळ घातला. आमच्या गावच्या गुऱ्हाळावरचा हाय, ताजा. खातंय बग कसं."

"अहो ते उपाशी ठेवायचे असतात!"

"ठाऊक हाय की. पर आता घटकाभरानं तू त्येला कापणार. आमच्यात पावण्याला बी गूळ-शेंगा दिल्याबिगर धाडत न्हाईत पोरी. ह्यो तर कायमचा निघाला."

"रोज घालता?"

"ह्या पिवळ्यांना घालतो. ती बिनखुणेची तरणी हायत, उड्या मारत्यात, बोट चावत्यात. ह्यांच्या अंगात इख गेलंय. केस पिंजारून कोपऱ्यात बसत्यात. तोंडाशी धरलं तरच खात्यात."

मी तो उंदीर उचलून पिंजऱ्यात टाकला. पोटात अन्न गेलं की स्वादुपिंड आपला साठा आतड्यात ओतून मोकळं होतं. म्हणून तर उपाशी ठेवायचे! आणि कच्चा शेंगदाणा म्हणजे तर कळस, उंदराच्या स्वादुपिंडाला तो अक्षरशः पिळून काढतो, हे नंतर मी वाचलं. म्हणजे त्या निळ्या नळ्यांशी औषधाचा काही संबंध नव्हता. आनंदामामांनी मायेनं भरवलेल्या घासानं माझ्या पिवळ्या उंदरांची स्वादुपिंडं रिकामी झाली होती. मी तीन महिने तेच मोजत होते आणि सर तेच परदेशात पडद्यावर दाखवत होते.

रागावले. काय काय बोलले मामांना! "माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंत," हेही बोलले. पंचावन्नाला आलेला माणूस, मान खाली घालून ऐकत होता. अकरा वर्षं ते तिथं हंगामी म्हणून होते, त्या मार्चला कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. पण त्यांनी यादीचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, "चुकलं माझं. तुझ्या अभ्यासाचं ध्यानात न्हाय आलं. आता काय करायचं?"

"पुन्हा करायचं. सगळं पहिल्यापासून. आणि मामा, दुसऱ्या फेरीला एक दाणासुद्धा घालायचा नाही. शब्द द्या."

मामांनी गळ्याला हात लावला, जोतिबाची आण घेतली आणि म्हणाले, "शब्द."

ती दुसरी फेरी मला दिवसवार आठवते. मी खोलीला माझं कुलूप घातलं नाही. घालावंसं वाटलं होतं, पण शब्द घेतल्यावर कुलूप घालणं बरं दिसेना. रोज पहाटे मी आधीच जाऊन बघायची. मामा बाहेर पायरीवर बसलेले असायचे, खोलीकडं पाठ करून. उंदीर उपाशी असताना आत जायचेच नाहीत. एकदा म्हणाले, "आत गेलो की बगत्यात. रोजच्या खुराकानं सवय लागलीया त्यांना माझ्या हाताची." मी "हं" म्हणाले आणि पोत्यातला बर्फ फोडायला घेतला. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही, मला माझ्या नळ्यांची पडली होती.

दुसऱ्या फेरीत नळ्या निळ्या झाल्या नाहीत. पिवळ्या खुणेचे आणि बिनखुणेचे, दोघांच्या सारख्याच पांढऱ्या. औषधानं नक्कल उतरवणं बंद पडलं होतं, पण जुन्या नकलांवर पेशी रात्रभर मुकाट अमायलेज बनवत राहिल्या होत्या. हेच खरं उत्तर होतं. आज ते कुठल्याही पुस्तकात सापडतं, तेव्हाही सापडत होतं. पण ते माझ्या हातानं, माझ्या बर्फानं, शंका राहणार नाही असं निघालं होतं, आणि खरं सांगते, पहिल्या वेळेपेक्षा मला जास्त आनंद झाला. सर आले की त्यांनाही होईल असं वाटलं. बावळट!

सरांनी वही चाळली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मोठा मृदू माणूस, कधी आवाज चढवायचा नाही.

"मामांनी खाऊ घातलं, हे तू स्वतः पाहिलंस?"

"हो सर. पहिल्या फेरीत."

"पहिल्याच? नक्की आठवतंय तुला? कामाच्या ताणात तारखा इकडच्या तिकडे होतात."

"सर, मी बघितलं तेव्हा तुम्ही परदेशात होता."

"दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीलाही मी परदेशातच होतो." ते हसले. "हे बघ. खायला मिळालं की ग्रंथी जोरात कामाला लागते. त्यामुळे दुसऱ्या फेरीत घट झाकली गेली. पहिली फेरी स्वच्छ आहे. ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. तुझा प्रबंध तिच्यावर उभा राहील. नाहीतर मग नवीन विषय, नवीन नोंदणी, आणखी चार वर्षं. तुझ्या वडिलांची तब्येत कशी आहे आता?"

खाल्ल्यानं साठा रिकामा होतो, घट झाकली जात नाही, उलट नसलेली घट दिसते. हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे, हेही त्यांना माहीत होतं. आणि तरी मी समोरचा कोरा कागद ओढून घेतला. कुणी हात धरला नव्हता. पाच ओळी. आनंदा अमुक अमुक या हंगामी कर्मचाऱ्यानं स्पष्ट सूचना दिलेली असताना प्रयोगाच्या प्राण्यांना खाऊ घातल्याचं मी स्वतः पाहिलं. खाली तारीख घातली, दुसऱ्या फेरीतली. सही केली. सही चांगली आली, मला आठवतंय, सुबक.

मामांचं नाव यादीतून उडालं. फेब्रुवारीतच त्यांना घरी बसवलं. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, हातात पिशवी, डब्याची आणि बंडीची. मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले होते. काचेखाली काही नव्हतं. ते थोडा वेळ उभे राहिले. मी वर बघितलं नाही. मग चपलांचा आवाज लांब गेला.

त्यानंतर सगळं रीतसर झालं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निळ्या नळ्यांच्या फोटोचं कौतुक केलं. वडिलांनी पेढे वाटले, दारावर पितळी पाटी लागली, दर दसऱ्याला ते ती चिंचेनं घासायचे. गेले ते समाधानानं. मला नोकरी लागली, लग्न झालं, विभागप्रमुख झाले. दर वर्षी नेमक्या ह्याच दिवसांत, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या की, शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी हाच धडा शिकवते. फळ्यावर लिहिते: ॲक्टिनोमायसिन दिलं तरी स्वादुपिंडातलं एन्झाइम लगेच घटत नाही, कारण जुन्या नकला टिकतात. मुलं लिहून घेतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझा जाडजूड प्रबंध याच्या बरोबर उलटं सांगत उभा आहे. पंधरा वर्षांत एकानंही येऊन विचारलं नाही, की बाई, हे काय? संशोधनाचं एवढं कौतुक करतो आपण, आणि वाचत कुणी नाही. लाज वाटायची सोडून मला त्याचाच आधार वाटत आला.

त्या एसटीतल्या बाईनं तोंड फिरवलं त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे. रविवारी मी उचगावला गेले. चौकशी करत करत मामांचं घर काढलं. पुढं शेड, दोन म्हशी, आणि मामा कोयत्यानं कडबा तोडत होते. सत्तरीचा माणूस. हात तसेच दणकट. माझ्याकडं बघून ओळखलं त्यांनी, पण कोयता थांबवला नाही.

मी उभ्याउभ्याच बोलले. "मामा, ते पत्र मी लिहिलं होतं."

"व्हय. सही बघितली की मी. क्लार्कनं वाचून दाखवलंतं."

म्हणजे त्या दिवशी पिशवी घेऊन टेबलाशी उभे राहिले, तेव्हा त्यांना ठाऊक होतं. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू वर कुठं बगितलंस?"

म्हैस कडब्याला तोंड लावायला आली, तिला त्यांनी कोपरानं मागं सारलं. मी म्हणाले, "नोकरी गेली तुमची माझ्यामुळं. कायम होणार होता."

"नोकरीचं काय सांगतीस!" पहिल्यांदा आवाज चढला. "म्हशी पाळल्या, पोरं शिकली, पोट भरलं. पयल्या खेपंला मी घातलंतं. त्येच्यापायी काढलं असतंस तर मान वर करून घरला आलो असतो. चूक हुती माझी. पर दुसऱ्या खेपंला मी तुला शब्द दिलता. ती बारकी जनावरं पिंजऱ्याला नाक लावून माझी वाट बगायची, आणि मी पायरीवर पाठ करून बसायचो. एक दाणा न्हाय घातला. उपाशी गेली ती. आणि तू लिवलंस, मामानं घातलं. म्हंजे जोतिबाची आण घेऊन मी शब्द मोडला. गावात तेच झालं. माझ्या पोरानं तोंडावर इचारलं मला, आबा, आण कशापायी घेतलीसा मग?"

मी रडायला लागले. मामांनी ते बघितलं आणि कडब्याची पुढची पेंडी ओढली. समजूत वगैरे काही काढली नाही. बरंच झालं, काढली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी काय करू मामा? सांगाल ते करते."

"तारीख बदल," मामा म्हणाले. "त्या कागदावरची. पयल्या खेपंची घाल. बाकी तुझं काय बी असू दे, मला कळत न्हाय त्यातलं. मी मराय आलोय. शब्द मोडला असं लिवलेलं मागं ठेवून जायचं न्हाय मला."

मामांना ते मागणं लहान वाटत होतं. ती एक तारीख खरी केली की पहिली फेरी खोटी ठरते. पहिली फेरी खोटी ठरली की प्रबंध उरत नाही, डॉक्टर उरत नाही. पुढच्या महिन्यात प्राचार्यपदाची मुलाखत आहे, ती उरत नाही. मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बघते."

"बग," मामा म्हणाले, आणि कोयता चालू झाला.

आज गुरुवार. चार दिवस रजा टाकून घरात बसले आहे. विद्यापीठाला पत्र लिहायचं म्हणून पहिल्या दिवशी कागद घेतला. उजव्या कोपऱ्यात तारीख घालायची जागा सोडली, "महोदय" लिहिलं, आणि हात पुढं सरकेना. मग दुसरा कागद घेऊन हे लिहायला बसले, आणि हे कसं भराभर सुचत गेलं! गुळाचा वास, बर्फ, पांढऱ्या नळ्या, मामांचा कोयता. कुठंतरी छापूनही येईल. माझं नाव नाही, सरांचं नाही, संस्थेचं नाही, साल नाही, माझ्या केसालाही धक्का लागायचा नाही. वाचणारे म्हणतील, बाईंनी काय मनापासून लिहिलंय. ललित लेखावर तारीख घालावी लागत नाही. मामांच्या कागदावरची तारीख मी अजून बदललेली नाही.